जुनी वास्तू, नवी वीज आणि संकटकाळचा उजेड

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शंभर वर्षे पुरी केलेल्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून विजेच्या तारा, फ्यूज आणि बॅटऱ्या यांविषयी बोलले जावे, हे प्रथमदर्शनी अनेकांना विसंगत वाटेल. अशा प्रसंगी ग्रंथांचे, ग्रंथकारांचे आणि संस्थापकांचे स्मरण व्हावे असा रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. तथापि ग्रंथ ज्या छपराखाली राहतात, त्या छपराची चिंता वाहणे हाही ग्रंथसेवेचाच एक भाग होय.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या मराठी समाजाने ठिकठिकाणी ग्रंथालये उभारली. त्यांतील अनेकांच्या वाट्याला एखादी जुनी वास्तू आली. कोठे वाड्याचा चौक, कोठे दरबाराने दिलेले दालन, तर कोठे लोकांनी पैपैसा जमवून बांधलेले सभागृह. वाचनकक्ष रोज उघडतो, पण ते जुने दालन वर्षातून चार-सहा वेळाच उघडते. शारदोत्सव, व्याख्यानमाला, वार्षिक सर्वसाधारण सभा, एखादा सत्कार. एरवी त्याला कुलूप असते आणि किल्ली कार्यवाहांच्या टेबलाच्या खणात असते. अशा क्वचित उघडणाऱ्या ऐतिहासिक दालनात वीज कशी आणावी, आधीच असलेली जुनी वीजजोडणी कशी बदलावी, आणि भरल्या सभेत ती वीज अचानक गेली तर माणसे सुखरूप बाहेर कशी पडतील, हा आजचा विषय आहे.

या विषयातील सर्वांत मोठी अडचण तांत्रिक नसून समजुतीची आहे. "वापरच फारसा नाही, मग खर्च कशाला?" हा प्रश्न प्रत्येक कार्यकारी मंडळाच्या बैठकीत विचारला जातो. तो विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, कारण सभासदांच्या वर्गणीचा पैसा जपून वापरणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. परंतु या प्रश्नामागे एक गृहीत दडलेले आहे : वापर कमी म्हणजे धोका कमी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. रोजच्या वापरातील खोलीत तार तापली तर कोणाला तरी वास येतो, दिवा फडफडला तर कोणाच्या तरी लक्षात येते, उंदराने तार कुरतडली तर दुसऱ्या दिवशी पंखा बंद पडतो आणि मिस्त्रीला बोलावले जाते. बंद दालनात हे काहीच घडत नाही. तेथे दोष महिनोन् महिने मुक्यानेच वाढतो. आणि ज्या दिवशी दालन उघडते, त्याच दिवशी सर्व दिवे, सर्व पंखे, ध्वनिक्षेपक आणि रोषणाईच्या माळा एकदम सुरू होतात. वर्षभर विसावलेल्या तारांवर सर्वांत मोठा भार त्या एका संध्याकाळी येतो, आणि दालनात सर्वांत जास्त माणसे असतात तीही त्याच संध्याकाळी.

ग्रंथालयांच्या इतिहासात याचे एक दुःखद उदाहरण जर्मनीतील वायमार या नगरीचे आहे. तेथील डचेस ॲना अमालिया ग्रंथालय सोळाव्या शतकातील एका वाड्यात आहे. अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात त्या वाड्याचे ग्रंथालयात रूपांतर झाले, आणि पुढे महाकवी गटे यांनी कित्येक वर्षे त्याची देखरेख केली. पांढऱ्या-सोनेरी रंगाच्या लाकडी सज्ज्यांचे ते दालन जगातील सुंदर ग्रंथदालनांपैकी एक गणले जाई. वास्तू जुनी झाली आहे, तिची सर्वांगीण दुरुस्ती करायला हवी, हे व्यवस्थापकांना ठाऊक होते. त्यासाठी ग्रंथ हलवण्याचे ठरले होते. नवे भूमिगत भांडारही जवळजवळ तयार होते. स्थलांतराला अवघे काही आठवडे उरले असताना, २ सप्टेंबर २००४ रोजी रात्री छपराखालच्या भागात आग लागली. सुमारे ५०,००० ग्रंथ नष्ट झाले आणि सुमारे ६२,००० ग्रंथांना आगीने व पाण्याने इजा पोहोचली. कर्मचारी आणि नागरिक यांनी साखळी करून हातोहात हजारो ग्रंथ बाहेर काढले. त्यांत १५३४ सालचे ल्यूथरचे बायबलही होते. भिजलेले ग्रंथ बुरशी लागू नये म्हणून गोठवून ठेवावे लागले. तीन वर्षांनी, २००७ मध्ये, वास्तू पुन्हा उघडली, पण ग्रंथांच्या दुरुस्तीचे काम त्यानंतरही वर्षानुवर्षे चालले. आगीचे कारण निर्विवादपणे सिद्ध झाले नाही. विजेच्या तारेतील दोष हे सर्वांत संभाव्य कारण मानले गेले.

या घटनेत कोणी बेपर्वा नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सर्वांना धोका माहीत होता आणि उपायही ठरला होता. "काम ठरले आहे, लवकरच होईल" या अवस्थेतच आग लागली. दुरुस्तीचा ठराव झाला म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे. ठराव आणि काम यांच्यामधले दिवस हेच सर्वांत धोक्याचे असतात. त्या दिवसांत निदान जुन्या जोडणीचा प्रवाह तोडून ठेवणे एवढे तरी कोणत्याही संस्थेला बिनखर्चात करता येते.

योगायोगाने त्याच तारखेला, २ सप्टेंबर २०१८ रोजी, ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालय जळाले. एकेकाळच्या राजवाड्यात असलेल्या त्या संग्रहालयाने त्याच वर्षी दोनशे वर्षे पुरी केली होती. तपासात आगीचा उगम तळमजल्यावरील सभागृहातील वातानुकूलन यंत्राजवळ असल्याचे आढळले. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र संरक्षक स्विच नव्हता आणि एका यंत्राला योग्य अर्थिंगही नव्हते. दोनशे वर्षांचा संग्रह आणि काही शे रुपयांचा एक स्विच, यांचे नाते इतके जवळचे असते.

मराठी रसिकांना तर इतक्या दूर जाण्याची गरज नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी उभारलेले आणि १९१५ मध्ये सुरू झालेले कोल्हापूरचे पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्या कलावंतांना जे वाटले, ते शब्दांत सांगण्याचे कारण नाही. आगीच्या कारणांची चर्चा बाजूला ठेवली, तरी लाकूड, पडदे आणि जुनी बांधणी असलेल्या वास्तूला ठिणगी लागल्यावर किती थोडा अवधी मिळतो, हे त्या रात्रीने दाखवले.

येथपर्यंत वास्तू आणि ग्रंथ यांविषयी बोलणे झाले. माणसांची गोष्ट त्याहून मोठी आहे, आणि तिचा संबंध आगीइतकाच अंधाराशी आहे.

विजेचा दिवा प्रथम आला तो सुरक्षिततेचे साधन म्हणून, ही गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील वाचनालयात आगीच्या भीतीने गॅसचे दिवे लावू देत नसत. हिवाळ्यात धुके दाटले की वाचकांना उठून घरी जावे लागे. १८७९ मध्ये तेथे विजेचे दिवे लागले तेव्हा कोठे संध्याकाळी वाचन शक्य झाले. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोलादी मांडण्या आणि जाड काचेच्या जमिनी योजल्या गेल्या. वरच्या मजल्यावरचा उजेड काचेतून खाली झिरपावा आणि आगीला भक्ष्य मिळू नये, अशी ती रचना आहे. ग्रंथालयाला उजेड हवा, पण ज्वाला नको, हा विचार असा जुनाच आहे.

८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नातील रिंग थिएटरमध्ये प्रयोगापूर्वी रंगमंचावरील गॅसचे दिवे पेटवताना आग लागली. गॅस बंद झाला तसे प्रेक्षागृह काळोखात बुडाले. अशा प्रसंगासाठी तेलाचे दिवे भिंतींवर टांगलेले होते, पण ते पेटवलेलेच नव्हते. दरवाजे आतल्या बाजूला उघडणारे होते. बाहेर कोणी येताना दिसेना, तेव्हा सर्वजण वाचले असा समज होऊन तशी वर्दीही दिली गेली. प्रत्यक्षात अधिकृत मोजणीप्रमाणे ३८४ माणसे आत मरण पावली होती. त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरच्या मालकाने भर रंगमंचावर पेटता विजेचा दिवा कापडात गुंडाळून फोडला आणि कापड जळत नाही हे प्रेक्षकांना दाखवले. पुढल्याच वर्षी बर्नो येथील नवे नाट्यगृह एडिसनच्या विजेच्या दिव्यांनी उजळले. युरोपातील नाट्यगृहांत आपत्कालीन दिव्यांचा आग्रह धरला जाऊ लागला तो व्हिएन्नाच्या त्या रात्रीनंतर.

व्हिएन्नात आपत्कालीन दिवे होते, फक्त पेटवलेले नव्हते. हे वाक्य प्रत्येक संस्थेच्या कार्यालयात लिहून ठेवावे असे आहे. कारण शंभराहून अधिक वर्षांनी, १३ जून १९९७ रोजी, दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात तोच प्रकार वेगळ्या रूपाने घडला. तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि धूर जिन्यावाटे बाल्कनीत शिरला. वीज गेली. आपत्कालीन दिवे नव्हते, बाहेरचा मार्ग दाखवणाऱ्या पाट्या उजळलेल्या नव्हत्या, आणि वाढवलेल्या आसनांमुळे एका बाजूची वाट अडलेली होती. ५९ माणसे दगावली, ती प्रामुख्याने गुदमरून. दार कोठे आहे हे दिसले असते तर त्यांतील कितीतरी जण घरी परतले असते.

आता जुन्या दालनात नेमके काय करावे, याकडे वळणे उचित होईल.

पहिले काम खरेदीचे नव्हे, पाहणीचे. बहुतेक जुन्या वास्तूंत विजेचे तीन-चार थर एकावर एक चढलेले आढळतात. सर्वांत खाली सागवानी बॅटन पट्टीवर क्लिपांनी बसवलेली, सुती वेष्टणाची रबरी तार. तिचे रबर काही दशकांत वाळून भुगा होते आणि हात लावताच गळून पडते. त्यावर, तांब्याच्या टंचाईच्या काळात ओढलेली ॲल्युमिनियमची तार. तापणे आणि निवणे यांमुळे तिचे सांधे सैल होतात आणि सैल सांधा ठिणग्या टाकतो. त्यावर नंतरची प्लास्टिकची पट्टी, आणि तिच्यावर उत्सवासाठी तात्पुरती म्हणून ओढलेली, पण पुढे कायमची झालेली वायर. कोणती तार जिवंत आहे आणि कोणती मेलेली, हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. म्हणून परवानाधारक ठेकेदाराकडून प्रत्येक तारेचा माग काढून नकाशा करावा. ५०० व्होल्टच्या मेगरने तारांच्या आवरणाची परीक्षा घ्यावी. आवरणाचा रोध किमान १ मेगओहम भरला पाहिजे. जी जोडणी नापास होईल ती त्याच दिवशी तोडावी. जुने चिनी मातीचे फ्यूज, गोल काळी बटणे, पितळी होल्डर ही शोभेची आणि इतिहासाची वस्तू म्हणून काचेच्या कपाटात अवश्य ठेवावी, पण त्यांतून प्रवाह वाहू नये.

दुसरा प्रश्न तारा कोठून न्याव्यात हा. नव्या घरात भिंतीला खाचा पाडून आत पाइप गाडण्याची रीत आहे. जुन्या वास्तूत ती अपायकारक ठरते. घाणीच्या चुन्याचा गिलावा एकदा फोडला की तसा पुन्हा बसत नाही. सिमेंटने बुजवलेल्या खाचेभोवती ओल साचते आणि काही पावसाळ्यांत आजूबाजूचा चुनाही सुटतो. कोरीव सरे, तुळया आणि खांब यांना भोके पाडणे तर सर्वस्वी वर्ज्य मानावे. वास्तुसंवर्धनाच्या क्षेत्रात, विशेषतः ऑस्ट्रेलियातील १९७९ च्या बर्रा सनदेपासून, एक तत्त्व मानले जाते : जुन्या वास्तूला जे जोडावे, ते उद्या काढून टाकता यावे आणि काढल्यावर मूळ वास्तू जशीच्या तशी मिळावी. विजेच्या तारांना हे तत्त्व तंतोतंत लागू पडते. म्हणून तारा भिंतीवरूनच, पण नजरेआड न्याव्यात. जमिनीलगतच्या पट्टीच्या कडेने, कंगोऱ्याच्या वरच्या बाजूने, दाराच्या चौकटीच्या कोनातून. खिळा किंवा स्क्रू मारायचा तो दगडात वा विटेत नव्हे, सांध्यातील चुन्यात.

अशा कामासाठी युरोपातील जुन्या चर्चमध्ये एक विशिष्ट केबल फार वापरतात. तांब्याच्या बारीक नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते आणि त्या पुडीत तांब्याच्या तारा असतात. तिच्यात जळण्यासारखे काहीच नाही. ती बारीक असते, हवी तशी वळवता येते आणि भिंतीच्या रंगात रंगवली की दिसतही नाही. मात्र ती महाग असते, आणि तिची टोके नीट बंद केली नाहीत तर पूड हवेतील ओल शोषून घेते. जिला हा खर्च झेपणार नाही, अशा संस्थेने लोखंडी कंड्युट पाइपातून, जळताना दाट व आम्लयुक्त धूर न सोडणारी तांब्याची तार न्यावी. साध्या प्लास्टिकच्या आवरणातून निघणारे आम्ल माणसांच्या फुप्फुसांना घातक आहेच, पण ते कागदालाही घातक आहे, हे ग्रंथालयाने विसरू नये. माळ्यावर किंवा छपराच्या पोकळीत तारेला सांधा कदापि नसावा. सांधा द्यायचा तो उघडता येणाऱ्या पेटीतच. उंदीर, वटवाघळे आणि वाळवी यांचे राज्य माळ्यावर असते, हे लक्षात घेऊन शक्य तेवढ्या तारा माळ्याबाहेरच ठेवाव्यात.

सुदैवाने आता भार फार कमी झाला आहे. जेथे साठ वॉटचा बल्ब लागत असे, तेथे सात-आठ वॉटचा एलईडी दिवा पुरतो, आणि नव्या प्रकारचे पंखेही जुन्या पंख्यांच्या निम्म्याहून कमी वीज घेतात. वातानुकूलन यंत्रांचा मोह आवरला, तर पूर्ण सभागृहाची गरज अगदी थोड्या विजेत भागते.

तिसरी बाब संरक्षणाची. मुख्य फलकावर प्रत्येक सर्किटला स्वतंत्र एमसीबी असावा. गळतीचा प्रवाह ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच माणसाचा जीव वाचवतो. मुख्य बाजूला बसवलेला ३०० मिलिअँपिअरचा स्विच आग लागण्यापूर्वी प्रवाह तोडतो. अर्थिंगचा खड्डा दरवर्षी उन्हाळ्यात तपासावा, कारण कोरड्या जमिनीत अर्थिंग नावापुरते उरते. मराठीत आकाशातल्या विजेला आणि तारेतल्या विजेला एकच शब्द आहे. दोन्हींना जमिनीत जाण्याची सरळ वाट हवी असते, एवढे त्या शब्दसाम्यावरून लक्षात ठेवले तरी पुरे. इंग्लंडमधील क्लँडन पार्क या अठराव्या शतकातील प्रासादाला २९ एप्रिल २०१५ रोजी लागलेली आग तळघरातील कपाटात बसवलेल्या वीजवाटप फलकातच सुरू झाली आणि भिंतींच्या पोकळ्यांतून छपरापर्यंत गेली. म्हणून फलक लाकडी कपाटात किंवा पुस्तकांच्या मांडणीजवळ नसावा. तो दाराजवळ, मोकळ्या व न जळणाऱ्या भिंतीवर असावा.

आता आपत्कालीन दिवे, म्हणजे लोकभाषेतील इमर्जन्सी लाइट. त्यांचे काम सभागृह उजळण्याचे नसून वाट दाखवण्याचे आहे. पौर्णिमेचे चांदणे जास्तीत जास्त पाव लक्सच्या आसपास भरते, आणि युरोपीय मानकाप्रमाणे बाहेर पडण्याच्या मार्गावर निदान १ लक्स उजेड लागतो. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेची अपेक्षा त्याहून बरीच अधिक आहे, आणि हे दिवे किमान दीड तास जळावेत असे २०१६ ची संहिता सांगते. दिव्यांच्या जागाही ठरलेल्या आहेत : प्रत्येक दारावर, जिन्याच्या प्रत्येक वळणावर, जेथे जमिनीची पातळी बदलते तेथे, अग्निशामक नळकांड्याजवळ, वीजफलकाजवळ आणि शेवटच्या दाराबाहेर. जुन्या वास्तूंच्या बाबतीत यांत एक भर घालावी लागेल, ती उंबरठ्याची. वाड्यांचे उंच उंबरठे दिवसाढवळ्याही ठेच देतात. अंधारात घाईने निघालेल्या शंभर माणसांतला पहिला माणूस उंबरठ्याला अडखळून पडला, तर उरलेल्या नव्व्याण्णवांची वाट बंद होते.

आणि येथेच क्वचित उघडणाऱ्या वास्तूतील एक सापळा आहे. तो अनुभवी ठेकेदारांच्याही ध्यानात येत नाही, म्हणून तो जरा विस्ताराने सांगितला पाहिजे. आपत्कालीन दिव्याच्या पोटात एक बॅटरी असते. वीज असेपर्यंत ती भरत राहते आणि वीज गेली की दिवा आपोआप लागतो. आता कार्यक्रम संपल्यावर जबाबदार कार्यवाह काय करतात? सुरक्षिततेसाठी मुख्य स्विच बंद करतात, दाराला कुलूप लावतात आणि निघून जातात. दिव्याला वाटते, वीज गेली. तो बंद दालनात एकटाच दीड-दोन तास जळतो आणि बॅटरी रिती होते. त्यानंतर कित्येक महिने ती रितीच राहते, आणि रिती राहिलेली बॅटरी कायमची निकामी होते. पुढच्या उत्सवाला मुख्य स्विच सुरू केला की दिव्यावरची तांबडी वा हिरवी खूण चमकते, सर्वांचे समाधान होते, आणि खरोखर वीज गेली की दिवा लागत नाही. व्हिएन्नाच्या तेलाच्या दिव्यांचीच ही विजेवरची आवृत्ती म्हणावी लागेल. सावधगिरीची एक कृती दुसऱ्या सावधगिरीला मारते.

यावर उपाय आहे आणि तो नवी वीजजोडणी करतानाच योजावा लागतो. मुख्य फलकाचे दोन भाग करावेत. एका भागात पंखे, प्लग, ध्वनिक्षेपक आणि रंगमंचाचे दिवे. दालन बंद करताना हा भाग पूर्णपणे बंद व्हावा. दुसऱ्या भागात सभागृह व जिन्याच्या दिव्यांचे सर्किट, धुराची सूचना देणारी यंत्रणा आणि आपत्कालीन दिव्यांचा सततचा पुरवठा. हा भाग नव्या, संरक्षित तारांवर वर्षभर चालू राहावा आणि त्याच्या स्विचवर "बंद करू नये" अशी ठळक मराठी पाटी असावी. आपत्कालीन दिव्याला पुरवठा द्यायचा तो त्याच जागेच्या दिव्यांच्या सर्किटवरून, पण बटणाच्या आधीच्या टोकातून. म्हणजे केवळ त्या जिन्याचा एमसीबी पडला तरीही तेथील आपत्कालीन दिवा लागतो. ज्या वास्तूत चालू तार मुळीच ठेवायची नाही असा निर्णय असेल, तेथे भिंतीवरच्या दिव्यांऐवजी उचलून नेता येणारे बॅटरीचे कंदील घ्यावेत. ते रोज उघडणाऱ्या वाचनकक्षात भरून ठेवावेत आणि कार्यक्रमाच्या दिवशी ठरलेल्या जागी मांडावेत. ते दिमाखदार दिसणार नाहीत, पण लागतील.

बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते. तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते. पत्र्याखालच्या वा कौलांखालच्या जागेत ती लवकर मरते, म्हणून दर काही वर्षांनी ती बदलण्याची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र असावी. महिन्यातून एकदा प्रत्येक दिवा लागतो की नाही ते पाहावे. वर्षातून एकदा तो पूर्ण वेळ जळतो की नाही ते घड्याळ लावून पाहावे, आणि तारखेसह वहीत नोंदवावे. ग्रंथालयाला नोंदवह्या ठेवण्याची सवय असतेच. दाखल नोंदवहीशेजारी आणखी एक वही ठेवणे त्याला जड जाऊ नये.

राहता राहिला मांडववाल्यांचा प्रश्न. कितीही उत्तम जोडणी केली, तरी उत्सवाच्या आदल्या रात्री कोणी प्लगमध्ये उघड्या तारा आगकाड्यांनी खोचल्या, तर सारे व्यर्थ. बाहेरच्या व्हरांड्यात, पावसापासून सुरक्षित, स्वतःच्या एमसीबीसह एक वेगळा प्लगफलक द्यावा. रोषणाई आणि ध्वनिक्षेपक यांची वीज तेथूनच घेतली जाईल, हे भाड्याच्या करारात लिहून घ्यावे. आणि कार्यक्रम चालू असताना कोणत्याही दाराला कुलूप, अडसर किंवा खुर्च्यांची रास असणार नाही, याची जबाबदारी एका नावानिशी नेमलेल्या सभासदावर असावी.

हे सर्व ऐकल्यावर खर्चाचा आकडा विचारला जाईल आणि तो विचारलाच पाहिजे. तो वास्तूगणिक निराळा असेल. परंतु खर्चाचा क्रम मात्र सर्वत्र सारखाच असावा. प्रथम जुन्या जोडणीचा प्रवाह तोडणे, याला खर्च जवळजवळ नाही. मग पाहणी व नकाशा. मग मुख्य फलक, संरक्षक स्विच आणि अर्थिंग. मग वाटेचे आणि जिन्याचे दिवे, त्यांतच आपत्कालीन दिवे. त्यानंतर सभागृहाचे दिवे व पंखे, आणि शेवटी पैसा उरला तर दर्शनी भागाची रोषणाई. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो, कारण रोषणाईला देणगीदार चटकन मिळतो आणि अर्थिंगच्या खड्ड्यावर कोणाच्या नावाची पाटी लावता येत नाही. आश्रयदात्यांनी या एका बाबतीत परंपरा मोडली, तर पुढील पिढ्यांवर त्यांचे ऋण राहील.

काम पुरे झाल्यावर त्याची परीक्षा कशी घ्यावी, हे सांगून हे भाषण संपवणे योग्य होईल. ठेकेदाराचे प्रमाणपत्र आवश्यक आहे, पण ते पुरेसे नाही. वर्षातून एकदा, व्याख्यान संपल्यानंतर, पूर्वसूचना देऊन, सर्व श्रोते जागेवर असताना दिव्यांचे सर्किट बंद करावे. मग वयाने सर्वांत ज्येष्ठ सभासदाने काठी टेकत, कोणाचा हात न धरता, आपल्या चालीने बाहेर निघावे. वरच्या सज्ज्यातून, जिन्याने, उंबरठा ओलांडून, अंगणापर्यंत. ज्या ठिकाणी त्यांचे पाऊल थबकेल, तेथे एक दिवा कमी आहे असे समजावे आणि दुसऱ्याच दिवशी तो बसवावा. शतकापूर्वी ज्यांनी ही दालने बांधली, त्यांनी रात्री सभा संपल्यावर कंदील धरून दाराशी एक माणूस उभा केला असेल. ते काम आता यंत्राकडे आले आहे. त्या माणसाला जसे कोणीतरी तेल पुरवत असे, तसे यंत्राकडेही कोणीतरी दरमहा पाहिले पाहिजे.